वेताळानंतर मराठीत कोण?

१८२८ पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा सांगणाऱ्या रत्नागिरीतही सुपरहिरोंच्या नव्या कॉमिक्सवर मत द्यायचे, तर आज वाचकाला बहुधा इंग्रजी पुस्तकच हाती घ्यावे लागते. पूर्वी अशी स्थिती नव्हती. १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही निघत. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. कोकणात वेताळ म्हणजे गावाचा राखणदार. त्यामुळे परका नायक नावानिशी आपलासा झाला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांच्या ‘बहादूर’ने देशी नायकही दिला. १९९० मध्ये ‘इंद्रजाल’ बंद पडले. तेवढा पसारा असलेली मालिका मराठीत पुन्हा उभी राहिली नाही.

२००४ मध्ये स्पायडरमॅनचा भारतीय अवतार पवित्र प्रभाकर मुंबईत अवतरला. तो ज्यात झळकला, तो ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट २०२३ मध्ये मराठीतही प्रदर्शित झाला. चित्रपट व्यवसायाला मराठी प्रेक्षक दिसला. प्रकाशकांना मराठी वाचक अद्याप दिसायचा आहे. मुले ज्या भाषेत आवडत्या नायकावरून भांडतात, तिच्यातच पुढे वाचत राहतात. हा प्रश्न त्यामुळे केवळ करमणुकीचा नाही, उद्याच्या मराठी वाचकाचा आहे.