मणक्यातली गादी आणि पाचर

व्यापारी कुटुंबांत ‘गादी’ शब्दाला दोन अर्थ आहेत. दुकानातल्या गादीवर चाळीस वर्षे काढलेल्या अनेकांना मणक्यांमधल्या गादीची ओळख उतारवयात डॉक्टरच करून देतात. औषधे व व्यायाम यांनी भागले नाही, तर काही रुग्णांना मणके जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते आणि दौंडकर मंडळी फाइल घेऊन पुण्याची गाडी धरतात.

तेथे ‘केज’ हा शब्द कानी पडतो. झिजलेली गादी काढून त्या जागी बसवायचा हा टायटॅनियमचा किंवा ‘पीक’ नामक प्लॅस्टिकचा पोकळ ठोकळा. त्यात हाडाचा चुरा भरतात. काही महिन्यांत दोन्ही मणके एकसंध व्हावेत, हा हेतू. देशी की विदेशी, हे आपण हटकून विचारतो. आकाराविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो.

वास्तविक प्रश्न तोच आहे. कमरेचा कणा आत वळलेली कमान असून तिचा सुमारे दोन-तृतीयांश बाक सर्वांत खालच्या दोन सांध्यांत असतो. मणके जोडण्याची वेळही बहुधा तेथेच येते. ती कमान सपाट अवस्थेत जोडली गेली, तर माणूस पुढे झुकतो, ताठ उभे राहण्यासाठी गुडघे वाकवतो, आणि वरच्या मणक्यांवर जादा भार येतो. अमेरिकेतील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली वाकडा कणा ताणून सरळ करणाऱ्या सळईची पद्धत प्रसिद्ध केली. ती मोठीच प्रगती होती. परंतु सळई कमरेपर्यंत नेलेल्या कित्येकांना पुढे हेच ‘सपाट पाठी’चे दुखणे जडले.

आज काही केज बंदुकीच्या गोळीसारख्या सरळ असतात, काही केळ्यासारख्या वक्र. वक्र केज मणक्याच्या पुढच्या कडेला आडवी बसवता येते. पुढे उंच व मागे ठेंगणी अशी पाचरीच्या घाटाची केज पुढची बाजू उचलते आणि कमान टिकवते. पोटाच्या बाजूने शस्त्रक्रिया केल्यास अधिक रुंद, अधिक उताराची पाचर बसते. तथापि, पेटीवर १५ अंश छापले म्हणून रुग्णाच्या खात्यावर १५ अंश जमा होत नाहीत! केज मागे राहिली तर लाभ घटतो; हाड ठिसूळ असेल तर ती रुतते. म्हणून वृद्धांची, विशेषतः स्त्रियांची, हाडांची घनता आधी तपासलेली बरी. बाक जितका अधिक तितका उत्तम, असेही नाही. तो प्रत्येकाच्या कटिबंधाच्या ठेवणीनुसार ठरतो.

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किंमत बांधली. मणक्याच्या केजवर तशी मर्यादा नाही. तेव्हा दर लेखी घ्यावा, केजचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्यावे, आणि उभ्याने काढलेला संपूर्ण कण्याचा बाजूचा एक्स-रे शस्त्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा मागावा. महाग केज म्हणजे योग्य केज, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

सामायिकासाठी ४८ मिनिटे मांडी घालून बसण्याचा नेम असेल, तर तोही डॉक्टरांना आधीच सांगावा. खाली बसताना कमरेचा बाक एरवी सपाट होतो. जोडलेला भाग तसा होत नाही, आणि बसण्याची मुभा कधी मिळेल, हे त्यांनाच ठरवावे लागते.