जुना डबा, नवा कॉम्प्युटर

फुलंब्रीचा एक दोस्त विचारतो, "मक्याच्या पैशातून बाबा कॉम्प्युटर घेणार आहेत. मामांचा जुना पडून आहे. त्यातलं काय वापरता येईल?"

शाब्बास! आधी कॅबिनेट बघ. एटीएक्स हे माप १९९५ पासून चालत आलंय. मामांचा डबा त्या मापाचा असेल, तर नवा मदरबोर्ड त्यात बसेल. कीबोर्ड, माउसही चालतील. मॉनिटरची पिन मात्र नव्या बोर्डाला जुळते का, ते दुकानात विचारून घे.

रॅमची गंमत वेगळीच! डीडीआर-३ आणि डीडीआर-४ दिसायला बहिणी-बहिणी, पण त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, बरं का!

जुनी सॅटा हार्ड डिस्क जोडता येते. पण ती कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून अभ्यासाची एक प्रत दुसरीकडेही ठेव.

पॉवर सप्लायवर मात्र काटकसर नको. जुना बिघडला, तर नव्या बोर्डालाही घेऊन बुडेल! आणि तो खोलू तर मुळीच नकोस. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते.

बाबांचे पैसे वाचवायचेत ना? मग कुठे वाचवायचे नाहीत, तेही त्यांना सांग!