आधी पडायला शिकवा!

दिवाळीत फराळाच्या ताटांबरोबर मुलांच्या पराक्रमाच्या कथाही घरोघर फिरतात. अमक्यांच्या मुलीला जिम्नॅस्टिक्समध्ये पदक मिळाले, आणि वय अवघे सात! ऐकणारे आईबाप चकली चघळीत माना डोलावतात आणि भाऊबीज आटोपली की आपल्या लेकरासाठी वर्ग शोधू लागतात. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘स्पर्धेत कधी उतरवणार?’

मला स्पष्टच सांगायचे आहे की हा प्रश्न उफराटा आहे. नवशिक्या मुलांचा वर्ग चांगला की वाईट, हे भिंतीवर टांगलेल्या ढालींवरून ठरत नाही. पहिल्या महिन्यात तिथे काय शिकवतात, यावरून ठरते. आणि त्या महिन्यात शिकवण्याजोगी विद्या मुख्यतः एकच आहे : पडावे कसे. हात मागे टेकू नयेत, हनुवटी छातीशी घ्यावी, अंगाची मोळी करून लोळावे, उतरताना गुडघे किंचित वाकवून दोन्ही पावलांवर उतरावे. ज्याला पडता येते त्याची भीती जाते, आणि भीती गेली की उडी आपोआप उंच जाते. आपल्या मल्लखांबाच्या आखाड्यातही चांगला वस्ताद अढी पक्की झाल्याखेरीज पोराला वरच्या उड्यांकडे फिरकू देत नाही. त्याला कुणी मागासलेला म्हणत नाही. मग मॅटवर शिकवणाऱ्यानेच घाई का करावी?

बरे, या खेळाचे नियम तरी घाईच्या बाजूचे आहेत का? मुळीच नाहीत. आंतरराष्ट्रीय पद्धतीत कसरतीच्या सफाईचे गुण १० पासून मोजायला घेतात. बारीक चूक झाली की ०.१ गेला, मध्यम चुकीला ०.३, मोठीला ०.५, आणि पडलात की सबंध १ गुण गेला. म्हणजे अवघड उडी कशीबशी मारणाऱ्यापेक्षा साधी कोलांटी स्वच्छ मारणारा पुष्कळदा पुढे राहतो. म्हणून माझी कसोटी अशी : सरावात मूल जे करू शकते, त्याच्या एक पायरी खालचेच त्याला स्पर्धेत करायला लावणारा वर्ग चांगला. पहिल्या स्पर्धेतून मुलाने ‘मला हे येते’ एवढे घेऊन परत यावे. बक्षीस मिळाले तर वाहवा, न मिळाले तर पेढ्यांचे पैसे वाचले!

आता कुणी म्हणेल, ‘अहो, कोवळ्या वयातच अंग वळते, उशीर झाला की संपले!’ अंग वळते हे खरे. पण अंग वळवणे वेगळे आणि पिळणे वेगळे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा भाग असतो. हातांवर तासन् तास भार टाकला की मनगटाशी तो दुखावतो. पाठ सारखी मागे मोडली की मणक्यालाही इजा होते. १९७६ साली माँट्रियलला चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने पुरे १० गुण मिळवले आणि सारे जग वेडे झाले. पण पुढे त्याच खेळाच्या जागतिक संघटनेने मोठ्या स्पर्धांसाठी मुलींची किमान वयोमर्यादा १९८१ मध्ये पंधरा आणि १९९७ पासून सोळा केली. १९७५ साली जन्मलेली ओक्साना चुसोवितिना २०२१ मध्ये टोकियोला आपल्या आठव्या ऑलिंपिकमध्ये उतरली. आणि आपली आगरतळ्याची दीपा कर्माकर? सपाट पावलांची ही मुलगी सहाव्या वर्षी शिकू लागली आणि २०१६ साली रिओला व्हॉल्टमध्ये चौथी आली, तेव्हा तेवीस वर्षांची होती. मधली सतरा वर्षे ज्यांना मोजता येत नाहीत, त्यांनी तिचे नाव मुलांपुढे घेऊ नये.

यापुढची गोष्ट सणाच्या दिवशी लिहायला जड वाटते, पण लिहितो. एका वर्गात मी रडणाऱ्या मुलीला स्प्लिटमध्ये खांद्यांवर दाबून धरलेले पाहिले आहे. ‘रडल्याशिवाय येत नाही,’ असे तिथले शिक्षक हसत म्हणाले, आणि बाकावरचे पालकही हसले. या हसण्यातच सारे अनर्थ वाढतात. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरला मुलींवरील अत्याचारांबद्दल २०१८ साली जन्मभराच्या तुरुंगवासाइतक्या शिक्षा झाल्या. ब्रिटनमध्ये २०२२ च्या चौकशी अहवालात मुलांचा छळ, उपासमार, वजनावरून अपमान यांच्या कहाण्या नोंदल्या गेल्या. दोन्ही देश पदकांनी श्रीमंत होते! तेव्हा दार बंद करून शिकवणारा वर्ग कितीही नामांकित असो, त्याच्या पायरीवरूनच परत फिरावे.

मग वर्गात जाऊन विचारावे तरी काय? एका शिक्षकामागे किती मुले? खाली मॅट आहेत की नुसती सतरंजी? मी बसून पाहिले तर चालेल का? मनगट दुखते म्हणणाऱ्या मुलाला विश्रांती मिळते की टोमणा? ‘मला भीती वाटते’ असे म्हणण्याची इथे मुभा आहे का? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा : तीन वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी आज किती येतात? ज्या वर्गात ढाली पुष्कळ आणि जुनी मुले थोडी, तो वर्ग मुले घडवीत नाही, मुले खर्ची घालतो.

पदक काळवंडते, ढालीवर धूळ बसते, आणि दहा वर्षांनी माळा साफ करताना कुणीतरी ती भंगारवाल्याला देऊन टाकते. अंग मात्र जन्मभर वापरायचे असते. त्याची किंमत कशात करायची, हे मुलाला ठरवता येत नाही. म्हणून तर आईबाप असतात.