घरचा मेस्त्री : फ्यूजला चांदी

भाऊबीजेला आमचे मेहुणे परभणीहून जिंतूर रस्त्याने झरीला निघाले. जुनी स्कूटर, मागे ताई, पुढे चिरंजीव उभे. वाटेत हॉर्न मुका झाला, इंडिकेटरही बंद. मेहुणे पडले हुशार! जळालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली आणि स्वारी पुढे. झरी जवळ आली तोच सीटखालून धूर! ताईने पोराला ओढून घेतले, मेहुण्यांनी बॅटरीची वायर उपटली, म्हणून निभावले. पेट्रोलची टाकी त्याच सीटखाली असते, वाचकहो!

फ्यूज हा पहारेकरी. तो वितळला म्हणजे बहुधा कुठेतरी उघडी वायर सांगाड्याला टेकलेली असते. चांदी लवकर वितळत नाही. मग तापते ती वायर.

अशा वेळी किल्ली बंद करून जुन्या फ्यूजवरचा आकडा पाहावा आणि तेवढ्याच अँपियरचा नवा घालावा. १० च्या जागी २० मुळीच नको. नंतर एकेक बटण दाबावे. हॉर्न वाजवताच फ्यूज उडाला तर दोष हॉर्नच्या वायरीत. ब्रेक दाबताच उडाला तर मागच्या दिव्याकडे पाहावे. हँडलच्या मानेपाशी तर अवश्य पाहावे, कारण दर वळणाला वायर तिथे घासते. मेहुण्यांचीही तिथेच सोलली होती.

गंमत म्हणजे त्या स्कूटरची ठिणगी मॅग्नेटोवर. फ्यूज जाऊनही इंजिन छान चालू होते. भरदुपारी हात दाखवीत, हळूहळू झरी गाठता आली असती!

हल्ली निघण्यापूर्वी ताई डिकीतले सुटे फ्यूज स्वतः मोजते.