आवृत्तीचा आकडा आणि कालगणनेचे नाव : एका उपेक्षित शिस्तीच्या बाजूने

१/ ‘बॅश सगळीकडे असतेच, तिची आवृत्ती कशाला नोंदवायची?’ हे वाक्य संगणकावर ऐतिहासिक साधने हाताळणाऱ्या अभ्यासकांकडूनही ऐकू येते. ‘सन लिहिले आहे ना, मग ते कोणते हे कशाला विचारता?’ असे म्हणण्यासारखेच हे आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे.

२/ मराठेशाहीच्या कागदांत शक, शुहूर, फसली आणि १६७४ पासून राज्याभिषेक शकही येतो. शुहूर सनात ५९९ वा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, फसलीत ५९० वा ५९१. गणनेचे नाव गळाले की तोच आकडा नऊ वर्षे सरकतो. आमच्या कारध्याला वैनगंगेची पूरपातळी मीटरमध्ये सांगतात, ती समुद्रसपाटीपासूनची. हे ठाऊक नसलेल्याला तो आकडा ऐकून नदी आभाळाला टेकली असे वाटेल.

३/ बॅश १९८९ ची, ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेली. ३.२ ही आवृत्ती २००६ ची, ४.० आली २००९ मध्ये, परवान्याच्या नव्या अटींसह. ॲपलने त्या अटी टाळल्या आणि मॅकवर ३.२ च ठेवली. २०१९ मध्ये नव्या खात्यांसाठी झेडशेल आले, तरी जुनी बॅश तिथेच राहिली.

४/ आता शुहूर आणि फसली यांचे फरक नावानिशी साठवणारी एक स्क्रिप्ट घ्या. नावानिशी साठवण्याची ही सोय ४.० पासूनची. ३.२ वर पडद्यावर एक तक्रार उमटते, पण स्क्रिप्ट पुढे चालतच राहते. रोमी लिपीतली दोन्ही नावे शून्य मानली जातात, दोन्ही फरक एकाच कप्प्यात पडतात आणि शेवटचा तेवढा टिकतो. परिणामी सगळ्या कागदांना एकच कालगणना लागते. काम बंद पडले असते तर निदान कळले तरी असते!

५/ या प्रश्नाचा सर्वांत गंभीर विचार जेंटू लिनक्सने केला आहे. तिथे प्रत्येक पॅकेजची कृती, म्हणजे ईबिल्ड, बॅशमध्येच लिहिलेली असते. त्यामुळे ‘ईएपीआय’ नावाचा करार आहे: ० ते ५ साठी बॅश ३.२, ६ आणि ७ साठी ४.२, ८ साठी ५.०. कराराचा क्रमांक टिपा सोडून पहिल्याच ओळीत हवा, म्हणजे कृती न चालवता, केवळ मजकूर म्हणून तो वाचता येतो. मला हा नियम अत्यंत शहाणपणाचा वाटतो. कागद कोणत्या गणनेतला आहे हे कळण्यासाठी आधी त्याचे रूपांतर करावे लागत असेल, तर ती नोंद निरुपयोगी होय.

६/ आक्षेप असा की ही मंडळी संथ आहेत. ४.० आली २००९ मध्ये, आणि ४.२ ला मुभा देणारा सहावा करार संमत झाला २०१५ अखेरीस! पण जुन्या यंत्राची बाजू पाहा. नवी बॅश बसवण्याची कृतीसुद्धा तिथली जुनी बॅशच वाचणार. ती कृतीच नव्या बोलीत लिहिली, तर ते यंत्र कायमचे मागे राहील. हा विलंब आळसापोटी नव्हे, मागून येणाऱ्यांसाठी आहे.

७/ डेबियनचा दाखला देणाऱ्यांनी तो पूर्ण द्यावा. तिथे बॅश ‘अत्यावश्यक’ गणली जाते, म्हणून तिच्यावरील अवलंबन नोंदवावे लागत नाही. मात्र विशिष्ट आवृत्ती लागत असेल तर नोंदवावेच लागते. हा अपवाद सोयीस्करपणे गाळला जातो. शिवाय ‘एसएच’ म्हणजे बॅशच, हे गृहीतही उबुंटूने २००६ मध्ये आणि डेबियनने २०११ च्या आवृत्तीत मोडले. तिथे ‘डॅश’ आली. ‘एको’ला जोडलेला ‘-ई’ हा संकेत बॅश पाळते, डॅश तो मजकुरातच छापून मोकळी होते.

८/ म्हणून मोडी कागदांच्या छायाचित्रांना सनावळी लावणारी स्क्रिप्ट कुणी इथे टाकली, तर माझी मागणी एकच राहील: आरंभीच बॅशची आवृत्ती तपासा आणि ती ४.० हून जुनी असेल तर तिथेच थांबा. दोन ओळींचे काम आहे. ते नसेल, तर त्या स्क्रिप्टने लावलेली एकही तारीख मी प्रबंधात उद्धृत करणार नाही.