सामायिक यंत्र आणि सामायिक मुद्रा

एकत्र कुटुंबांत कोणती वस्तु सर्वांची व कोणती ज्याची त्याची, याचा निवाडा आमच्या वडिलांच्या वेळीं फार सोपा होता. पाटावरवंटा, घड्याळ व पंचांग सर्वांचें. जानवें आणि चष्मा ज्याचा त्याचा. आतां घरांत यंत्रें आलीं आणि तो निवाडा नव्यानें करावा लागत आहे. किन्हीराजा येथील आमच्या घरीं गेल्या महिन्यांत तसा प्रसंग आला, तो वाचकांस सांगावा असें वाटतें.

आमच्या ओसरीवर एक छपाईयंत्र आहे व त्याच्या शेजारीं कागदाची प्रतिमा टिपणारा स्कॅनर आहे. मुलांचे संगणक मात्र माडीवर व मागील दारच्या खोलींत. यू.एस्.बी. जोडणीची तार साधारणतः पांच मीटरांपलीकडे नेली तर भरंवशाची राहत नाहीं. म्हणून ज्यास गरज असेल त्यानें आपला संगणक उचलून ओसरीवर यावें, असा शिरस्ता पडला होता. परीक्षेचे अर्ज व पीकविम्याचे कागद एकाच दिवशीं निघाले म्हणजे तेथें जत्रा भरे.

धाकट्या पुतण्यानें यावर तोड काढली. पत्त्यांच्या जोडाएवढा 'रास्पबेरी पाय ४' नांवाचा संगणक त्यानें आणिला, दोन्हीं यंत्रें त्यास जोडिलीं आणि तो घरच्या वायफायवर ठेविला. यामागील युक्ति जपानांतील नारा येथील विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेंत ताकाहिरो हिरोफुची यांनीं योजिली व २००५ साली निबंधरूपानें मांडिली. तिचें नांव यू.एस्.बी.-आय्.पी. लिनक्सच्या गाभ्यांत ती २०१४ साली, ३.१७ या आवृत्तींत, कायमची दाखल झाली.

तिची रीत मोठी मौजेची आहे. ओसरीवरचा छोटा संगणक स्कॅनरवरील आपला हक्क सोडतो आणि केवळ निरोप्या होतो. माडीवरच्या संगणकांत एक काल्पनिक खोबण निर्माण होते. तो संगणक समजतो कीं, स्कॅनर आपल्यालाच जोडिला आहे. तो जी आज्ञा करील ती जाळ्यावरून खालीं येते व उत्तर वर जातें. यंत्रास यांतील कांहींच कळत नाहीं. मात्र एका वेळीं एकच धनी. माडीवरच्यानें स्कॅनर धरिला कीं, मागील दारच्यानें थांबावें. छपाईयंत्रासाठीं ही युक्ति वापरूं नये, असें आमचें मत झालें आहे. त्याकरितां 'कप्स' नांवाची व्यवस्था अधिक बरी. तींत सर्वांचे कागद रांगेंत उभे राहतात व भांडण होत नाहीं. कॅमेऱ्यासारखें अखंड धार मागणारें यंत्र दूरवरून अडखळतें. आणि छोट्या संगणकाच्या चारही खोबणींस मिळून वीज सव्वा अँपिअरच्या आंतच मिळते, म्हणून वीज खाणारी तबकडी त्यास लावूं नये. आम्हीं लाविली होती. ती टकटक करून गप्प बसली.

येथवर सर्व ठीक होतें. मग थोरल्या पुतण्यानें, जो करसल्लागार आहे, आपल्या डिजिटल स्वाक्षरीचें टोकनही त्याच संगणकास अडकविलें. हेतु हा कीं, आपण वाशीमास असतां धाकट्यानें माडीवरून विवरणपत्रें सही करून पाठवावीं. पिन त्यानें धाकट्यास सांगून ठेविला होता.

आम्हीं विचारलें, "ही सही कोणाची?" तो म्हणाला, "काका, गुप्त किल्ली टोकनाबाहेर कधींच येत नाहीं. टोकन आपल्याच ओसरीवर आहे. मग चोरीला काय जाणार?"

आम्हीं त्यास 'मुद्राराक्षस' नाटकाची आठवण दिली. राक्षसाची अंगठी चंदनदासाच्या घरीं त्याच्या पत्नीच्या बोटांतून गळाली, ती चाणक्याच्या हातीं लागली. अंगठी खोटी नव्हती, तिचें कांहीं झिजलेंही नाहीं. शकटदासाच्या हातचें पत्र, त्यावर तिचा ठसा. आणि तेवढ्यावर मलयकेतूचें मन राक्षसाविरुद्ध फिरलें. राक्षसानें तें पत्र आपलें नव्हे म्हणून सांगावें, तर मुद्रा त्याचीच! मुद्रेचें महत्त्व धातूंत नसतें, ती कोणाच्या बोटांत आहे यांत असतें.

काव्याचा पुरावा त्यास पुरेसा वाटला नाहीं, म्हणून कायदा दाखविला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ४२ व्या कलमानें गुप्त किल्लीवरील ताबा राखण्याची वाजवी दक्षता प्रमाणपत्रधारकानेंच घ्यावयाची आहे. शिवाय यू.एस्.बी.-आय्.पी. मूळ रूपांत 'तूं कोण?' असें विचारीत नाहीं आणि निरोप गुप्तही ठेवीत नाहीं. ३२४० क्रमांकाचें दार ठोठावील त्यास तें उघडतें. आमच्या घरीं वायफायचा परवलीचा शब्द पाहुण्याराऊळ्यांस सर्रास सांगितला जातो. मागील श्राद्धास आलेल्या मंडळींपैकीं निम्म्यांच्या फोनांत तो अजून आहे. धाकट्याचा आम्हांस संशय नाहीं. परंतु उद्यां एखाद्या विवरणपत्रांत आंकडा चुकला, तर अधिकाऱ्यांपुढें थोरल्यासच उभें राहावें लागेल, आणि 'सही माझी पण मी केली नाहीं' असें सांगतांना त्यास भावाचें नांव घ्यावें लागेल. ही गोष्ट मात्र त्यास लागली.

टोकन त्यानें काढून घेतलें, पिन बदलिला. धाकट्यानें ३२४० चें दार घरांतल्या तीनच संगणकांपुरतें उघडें ठेविलें आहे व पाहुण्यांसाठीं वायफायची निराळी वाट केली आहे. टोकन आतां थोरल्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यांत असतें. गेल्या मंगळवारीं तो जुडगाच घरीं विसरून वाशीमास गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. त्याचा दोष घरांत आम्हांस दिला जात आहे, व तो आम्ही निमूटपणें ऐकून घेत आहों.