मत मिळालं, जागा कधी?

मॉरिशसची गोष्ट आपण मंडळात अर्धीच सांगतो. मुंबई बंदरातून गेलेले आपले लोक, उसाचे मळे, गोऱ्या मालकांचा जाच, मग 12 मार्च 1968 चं स्वातंत्र्य आणि टाळ्या. मधलं काम राहून जातं. करार संपलेल्या मजुरालाही तिथे फोटो लावलेला पास बाळगावा लागे. नसला की अटक. 1871 मध्ये 9,401 मजुरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. पुढे मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, ते बऱ्याच मजुरांनी पै-पै साठवून घेतले. मत मात्र अनेकांना 1948 मध्ये मिळालं, तेही साधं लिहिता-वाचता येण्याच्या अटीवर. तिथले समाजसेवक बासदेव बिसुनदयाल यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव अक्षरं गिरवून घेतली, तेव्हा नावं यादीत चढली.

आमच्या खर्डीकडे उलटं झालं. शहापूर तालुक्यातल्या कातकऱ्याला पहिल्या निवडणुकीपासून मत आहे, अट कसलीच नाही. विधानसभेची जागाही अनुसूचित जमातींसाठी राखीव. तरी दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. कुडाला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशन कार्ड, मतदार कार्ड असतं. पण अनेक वाड्यांवर घराखालच्या जागेचा सातबारा दुसऱ्याच्याच नावावर. घरकूल मंजूर झालं तरी बांधणार कुठे? आणि ज्याच्या जागेत राहायचं, त्याच्याशी वाकडं घेऊन मत कसं द्यायचं? (मतदानाच्या दिवशी जीप मात्र दारात येते.)

परदेशात कुणी रंगावरून बोललं की आपण पेटून उठतो, उठावंच. सुट्टीत गावी गेल्यावर मात्र कातकऱ्यांबद्दल ‘ही माणसं सुधारायची नाहीत’ असं चहा पिताना सहज बोलून जातो. तेव्हा कुणी पेटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की मंडळाने यंदा वह्या आणि ब्लँकेटं वाटणं बाजूला ठेवावं. तो निधी कागदांच्या कामाला द्यावा: जातीचे दाखले, 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे, घराखालच्या जागेचे अर्ज, तहसील कचेरीच्या खेपांचं भाडं आणि बुडालेली मजुरी. ‘हे राजकारण झालं’ असं समितीत कुणी म्हणेलच. आहेच ते. बिसुनदयालांच्या लोकांचं अक्षर गिरवणं दुसरं काय होतं? पैसे मात्र गणपतीपर्यंत पोचायला हवेत. दिवाळीनंतर वाडीवर सही-अंगठ्याला माणूस सापडत नाही.